मंजुळाचे स्पीकर

मुरबे गावच्या मंजुळाला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, स्पीकर बनवणाऱ्या एका कारखान्यात काम लागलं ते १९८१ साली. बाप समुद्रावर गेला तो परतला नव्हता. आईच्या मासळीच्या टोपलीवर घर चालत नव्हतं आणि धाकटा भाऊ एकनाथ अजून शाळेत होता.

पहिल्याच दिवशी फोरमन सावंतांनी तिच्या हातात एक उघडा स्पीकर दिला आणि बॅटरीचा सेल त्याच्या दोन तारांना टेकवला. कागदाचा पडदा टप्पदिशी बाहेर आला. सेल उलटा धरला तर तोच आत गेला.

"यात गाणं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"गाणं यात नाही. मागं चुंबक आहे, त्यात तारेचं वेटोळं. वीज इकडून आली की पडदा हवा ढकलतो, तिकडून आली की ओढतो. ते ढकलणं-ओढणं आपल्या कानाच्या पडद्याला लागतं, त्यालाच आपण गाणं म्हणतो."

मंजुळा हसली. जाळं विणणाऱ्या घरातली पोर, वेटोळं गुंडाळण्यात तिचा हात लवकर बसला.

एकनाथनं शाळा सोडून लग्नाकार्यात स्पीकर लावायचा धंदा काढला. फाटलेले स्पीकर तो घरी आणायचा, आणि मंजुळा सुट्टीच्या दिवशी ओटीवर बसून नवा कागद चिकटवायची. सरसाच्या वासानं तिचं डोकं दुखायचं. स्पीकर बसवायचे दोन मोठे डबे तर तिनंच सुताराकडून करवून घेतले. पडद्याच्या पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची सैल होते. दोन्ही एकमेकींना भेटल्या तर ढोलकीचा जाड आवाज मरतो, म्हणून मागची हवा डब्यात कोंडायची.

"ताय, बोईसरला दुरुस्तीचं दुकान टाकू," एकनाथ म्हणायचा. "तू बसायचं, मी फिरायचं."

या शब्दावर तिनं सातपाटीचं चांगलं स्थळ परत पाठवलं.

एकनाथचं लग्न झालं. दुकानही झालं. गल्ल्यावर त्याची बायको हंसा आणि दुरुस्तीला भगवंत नावाचा मिस्त्री.

"बाईमानूस स्पीकर खोलत बसलं तर गिऱ्हाईक काय बोलंल?" एकनाथ म्हणाला.

"मग आजवर कोन खोलत होतं?"

"ते घरात होतं, ताय."

पुढं नारळी पौर्णिमेला गावात मोठा कार्यक्रम होता. मंजुळाचे दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवलेले, जोडणी भगवंतची. गाणं सुरू झालं आणि ढोलकीचा दणका कुठंच नव्हता. गाणाऱ्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा. मंजुळाला तत्क्षणी कळलं. एका डब्याची तार उलटी लागली होती. एक पडदा हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. एकाची हवा दुसऱ्याच्या तोंडात जात होती, लोकांपर्यंत पोचतच नव्हती.

मंचाजवळ जाऊन दोन तारांची अदलाबदल, एवढंच काम. ती बायकांच्या घोळक्यात उभी राहिली.

"एकनाथ, ट्रान्झिस्टर आनलास काय रे?" कुणीतरी ओरडलं. गाव हसलं. एकनाथनं घाम पुसत आवाज वाढवला, तसा तो आणखी किरटा झाला. त्याचा पडलेला चेहरा बघून तिला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी ती तारेचं सांगायला दुकानात गेली. डबे फोडलेले होते. तिनं चिकटवलेले पडदे फाटून दारात पडले होते आणि चुंबकं भंगारवाल्याच्या गाडीवर चढत होती.

"तुझं काम कच्चं निघालं, ताय," एकनाथ म्हणाला. "गावात नाक कापलं माझं."

"कागदाला काय झालं नव्हतं. एक तार उलटी होती."

भगवंतनं मान खाली घातली. एकनाथ तिच्याकडं वळला.

"तुला कदी कळलं?"

"पयलं गानं लागलं तवाच."

"आनि तू उबी राहून बघत होतीस?"

दुकान, मोडलेलं स्थळ, डोकेदुखी, सगळं तिच्या ओठावर आलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. ती पायऱ्या उतरली.

एकनाथनं नवे तयार डबे आणले आणि धंदा वाढवला. मंजुळा कारखाना बंद पडेपर्यंत दुसऱ्यांसाठी वेटोळी गुंडाळत राहिली. आई गेली तेव्हा बहीण-भाऊ एकाच ओटीवर बसले, पण बोलले ते शेजाऱ्यांमार्फत. कुणी त्या पौर्णिमेचं विचारलं तर ती म्हणायची, "चूक भगवंतची होती," आणि विषय बदलायची.