बारकोडवरचं कुंकू

मुलाच्या मुंजीची नव्वद आमंत्रणं मी अमेरिकेत, शुगर लँडच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एकटीने तयार केली. साल दोन हजार चार. नवऱ्यामुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, पण पुण्यात मी सहा वर्षं कॉम्प्युटर शिकवला होता. हाताने पत्ते लिहिणं मला कमीपणाचं वाटे. प्रत्येकाचा नऊ आकडी झिप, म्हणजे इथला पिनकोड, शोधून काढला, वर्डमध्ये यादी घातली, लेबलं छापली आणि पत्त्याखाली पोस्टाचा बारकोडही उमटवला. उंच-बुटक्या रेघांची ती ओळ मशीन वाचतं आणि पाकीट झटपट पुढे सरकतं. आमच्या ओळखीत हे दुसऱ्या कुणालाही येत नव्हतं आणि ते मी भेटेल त्याला सांगत होते.

सासूबाई मुंजीसाठी नागपूरहून आल्या होत्या. त्यांना नव्वदांतल्या एकाच पाकिटाची काळजी होती: इथेच अमेरिकेत, फ्रिस्कोला मुलाकडे राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीच्या. चार वर्षांपूर्वी या मावशींनी आपल्या मुलाच्या लग्नाचं आमंत्रण नुसतं फोनवर दिलं. सासूबाई रुसल्या, गेल्या नाहीत आणि दोघींचं बोलणंच बंद पडलं. आता त्यांनीच पडतं घ्यायचं ठरवलं होतं.

मी पहिलं लेबल मावशींच्या पाकिटावर चिकटवते न चिकटवते तोच सासूबाईंनी ओल्या कुंकवात बोट बुडवून पत्त्याखाली टेकवलं. नेमकं बारकोडवर.

"अहो आई, आता मशीन वाचणार कसं?"

"मला वाटलं नक्षी आहे. आणि मशीनचं काय घेऊन बसलीस? तिने वाचलं म्हणजे झालं."

बाकीच्या पाकिटांना मागच्या बाजूला कुंकू लावा, असं मी फर्मान काढलं आणि त्यांनी ते निमूट पाळलं. त्या आंघोळीला गेल्या तशी मी मावशींचं लेबल पुन्हा छापून जुन्यावर बेमालूम चिकटवलं. माझ्या हातचं एकही पाकीट अडकता कामा नये, हा माझा हट्ट. त्या पाकिटाला मागे कुंकू लावायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. सगळा गठ्ठा तसाच पोस्टात टाकून आले.

तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. मीच उचलला.

"कार्ड मिळालं. खूप फास्ट आलं हो. पण कुंकवाचं बोट नाही कुठे. फॉर्मॅलिटी म्हणून पाठवलंय ना? आम्ही नाही येत, सांग तिला."

सासूबाई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या, कुणाचा फोन म्हणून खुणेने विचारत होत्या. सारवासारव मला सहज जमली असती. पण चूक माझी होती आणि ती मी त्यांच्यादेखत कबूल केली.

"मावशी, आईंनी सगळ्यात आधी तुमच्याच पाकिटाला कुंकू लावलं होतं. बारकोडवर लागलं म्हणून मी वरून दुसरं लेबल डकवलं. काढून बघा ना."

सासूबाईंचे हात थांबले. तिकडून नखाने खरवडल्याचा आवाज आला. मग लेबल टर्रकन सुटल्याचा.

"तिला दे फोन," मावशी म्हणाल्या.