नाटकातली दारू

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, नाटक कंपनीत सामान सांभाळतो. पिस्तूल, कंदील, खोटे दागिने आणि दारू. दारू म्हणजे बाटलीत भरलेला गार कोरा चहा. खऱ्या दारूचा थेंबही त्याने कधी तोंडात घेतला नाही. आमचे वडील आयुष्यात एकदाच प्यायले आणि त्याच संध्याकाळी बोटीवर चढले, ते आजतागायत परतले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात एकच शिकवण: पितो तो घर सोडतो. दादाच्या मुलीने ती बाळकडूबरोबरच घेतली. वहिनी वारल्यापासून तिचा सगळा जीव बापात.

यंदा कंपनीने शाळकरी मुलांचं नाटक घेतलं, तेही व्यसन किती वाईट हे सांगणारं. पहिल्याच तालमीला दादाने बजावलं, "हा चहा आहे. साखरसुद्धा नाही." मुलांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि पेले रिकामे केले. जरा वेळाने डोंगराकडची मुलं रडायला लागली. प्यायलं की गेलेली माणसं आठवतात, असं त्यांच्याकडे मानतात. बंदरावरची एकमेकांच्या गळ्यात पडून गाऊ लागली, कारण त्यांच्या काका-मामांचं तसंच होतं. नदीपलीकडच्या घरांत प्यायल्यावर भांडणं ही जवळजवळ रीतच. तिथल्या एका मुखदुर्बळ पोराने दिग्दर्शकाची कॉलर धरली आणि मग नम्रपणे सांगितलं, "माफ करा सर, प्यायलोय." नाटकात आमची पोरगीही होती; ती तेवढी पेल्याला हात न लावता कोपऱ्यात उभी.

दुसऱ्या दिवशी दादाने नुसतं पाणी दिलं. मुलं म्हणाली, आजची जास्त कडक आहे.

व्हायचा तो बोभाटा झालाच. पालकांची सभा भरली, पोरीची आत्या म्हणून मीही गेले. डोंगराकडच्या शिंप्याने शहानिशा करायला बाटलीतला घोटभर चहा घेतला आणि आईच्या आठवणीने हुंदके देऊ लागला. बंदरावरच्या नर्सबाईंनी त्याच्या हातून बाटली काढून चव पाहिली आणि ताल धरला. नदीपलीकडच्या एका गृहस्थांनी तर नुसत्या वासावर खुर्ची उचलली. मला हसू आवरेना, पण कंपनीचे मॅनेजर गंभीर होते. ते दादाला म्हणाले, "तुम्हीच पिऊन दाखवा. चहा असेल तर काही होणार नाही."

दादाने बाटली उचलली. पोरगी पुढे आली.

"बाबा, नको."

"अगं, चहा आहे."

"असू दे. तू नको पिऊ."

नोकरीचा प्रश्न होता. दादाने अख्खी बाटली संपवली आणि मिशा पुसल्या. सगळे त्याच्याकडे टक लावून बसले. तो रडला नाही, गायला नाही, कोणाच्या अंगावर धावला नाही. शेवटी मॅनेजर हळहळून म्हणाले, "एवढी पिऊन माणूस सरळ उभा! म्हणजे चांगलाच मुरलेला दिसतोय." आणि मुरलेल्या माणसाला मुलांजवळ कसं ठेवायचं, म्हणून त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी कडाकडा भांडले. मॅनेजर म्हणाले, "तुम्हीही घेतलेली दिसते."

या गोंधळात पोरगी केव्हा निघून गेली ते कळलंच नाही. आम्ही घरी पोचलो तर दारात दादाची बॅग. इस्त्रीचे शर्ट, दाढीचं सामान, स्वेटर, सगळं नीट घडी करून भरलेलं.

"औषधं वरच्या कप्प्यात आहेत," ती म्हणाली. "वेळेवर घेत जा."

दादा उंबऱ्यातच थांबला. "बाळा, तो चहा होता गं."

"माहीत आहे. सकाळी मीच उकळला." तिचा आवाज अगदी शांत होता. "मग तू कधी निघणार?"

मला तेव्हा तिला जवळ घ्यावंसं वाटलं. दादाने पायातल्या चपला काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने त्या उलटसुलट करून पाहिल्या, कपाटात आईच्या साड्यांखाली ठेवल्या आणि कपाटाला कुलूप लावलं.