एकशे तीस किलोमीटर, एक ट्रेलर आणि एक पिन

महेशने ट्रेलर विकत घेतला हे मला तो घेऊन झाल्यावर कळलं. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या वन बेडरूम फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी भेंडी चिरत होते. तो आत आला आणि म्हणाला, "मंजू, आपण घर घेतलं." माझ्या हातातली सुरी हातातच राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातली बारा दुबईत, आणि या माणसाने मला न विचारता घर घेतलं? मग त्याने फोनवर फोटो दाखवला. दोन चाकांवर उभा एक पांढरा डबा, त्याला एक खिडकी आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा.

"हे घर आहे?" मी किंचाळले. "आणि ठेवणार कुठे? बाल्कनीत?"

"पप्पा, धिस इज सो कूल!" आमची तेरा वर्षांची इरा म्हणाली. झालं. दोन विरुद्ध एक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेलरला स्वतःचं इंजिन नसतं. तो गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचा. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज आणि संडास असतो. इथे नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची असते, तेव्हा लोक हे डबे वाळवंटात नाहीतर समुद्रावर नेऊन उभे करतात. आधी एकदा करून बघायचं असेल तर भाड्यानेही मिळतो, दिवसाला पाचशे-सहाशे दिरहम, म्हणजे बारा ते चौदा हजार रुपये. हे वाक्य मी महेशला चार वेळा ऐकवलं. काही उपयोग झाला नाही.

महेश एका बांधकाम कंपनीत सेफ्टी इन्स्पेक्टर आहे. दुसऱ्यांच्या क्रेन आणि शिड्या तपासणं हे त्याचं काम, आणि घरी आल्यावरही ते थांबत नाही. गॅस बंद केला की नाही हे तो लिफ्टमधून परत येऊन बघतो. ट्रेलरसाठी त्याने तेवीस कलमांची चेकलिस्ट केली, प्लास्टिकमध्ये घालून गाडीत टांगली आणि दोन महिने आम्हाला ती तोंडपाठ म्हणून दाखवली. मी त्याची जी टिंगल केली ती इथे लिहीत नाही, कारण पुढे जे झालं ते वाचून तुम्हीच मला आठवण करून द्याल.

डिसेंबरच्या सुरुवातीची जोडून आलेली सुट्टी ठरली. जायचं अल ऐनला, जेबेल हफीत डोंगराच्या पायथ्याशी. आदल्या संध्याकाळी आम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डात गेलो. ट्रेलर तिथे भाड्याच्या जागेत ठेवतो. महेशने आमची जुनी फोर-बाय-फोर गाडी मागे घेऊन ट्रेलर जोडला. जोडणी म्हणजे गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचं तोंड बसतं आणि वरून एक दांडा दाबला की ते पकडलं जातं. त्याने चेकलिस्टच्या तेवीसही कलमांवर टिक केली आणि यार्डाच्या ऑफिसात सही करायला गेला.

तेवढ्यात मी माझं काम उरकलं. नवी वस्तू घरात आली आणि पूजा नाही, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. घरून पूजेचं तबक नेलं होतं. ट्रेलरच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला. लिंबू-मिरची आणि लाल दोरा बांधायला जागा शोधत होते, तर त्या दांड्यालाच एक छान भोक दिसलं. त्यात एक लोखंडी काडी होती. ती काढून तबकात ठेवली, वस्तू ती वस्तू म्हणून तिलाही हळदकुंकू लावलं आणि भोकातून दोरा ओवून तीन गाठी मारल्या. इरा तबक धरून उभी होती.

"आई, डझंट दॅट गो बॅक इन?"

"अगं, दोरा बांधलाय ना आता. चल, उशीर होतोय."

गाडी जोडलेलीच ठेवून आम्ही टॅक्सीने घरी आलो. सकाळी सहाला परत यार्डात. महेशने टायरची हवा आणि मागचे दिवे तपासले. लिंबू-मिरची बघून हसला. बाकी सगळ्यावर टिक होती. यल्ला, चला, निघालो.

अल ऐनचा रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत आहे की चालवणाऱ्याला झोप यावी. ट्रेलर मागे असला की ऐंशीच्या वर न्यायचं नाही, उजवी लेन सोडायची नाही, आणि पेट्रोल नेहमीच्या जवळजवळ दुप्पट लागतं हे धरून चाला. वाटेत पंपावर कडक चहा घेतला, कपाला दोन दिरहम. दोन्ही बाजूंना लाल वाळू, मधेच घाफची झाडं, कुंपणापलीकडे उंट. इराने मागे वळून वळून ट्रेलरचे फोटो काढले. एकशे तीस किलोमीटर, वाटेत गोल चौक, शहरातले स्पीड ब्रेकर, आणि शेवटची दोन किलोमीटर खडबडीत कच्ची वाट.

पोचलो आणि माझे डोळे पांढरे झाले. मला वाटलं होतं, दहा-बारा तंबू असतील आणि शेकोटी. इथे तर वसाहतच होती! पन्नासेक ट्रेलर रांगेत, प्रत्येकापुढे गालिचा, गालिच्यावर लोड-तक्के. एकाकडे वॉशिंग मशीन चालू, दुसऱ्याने दाराशी कुंडीत तुळशीसारखा सब्जा लावलेला. एका अरबी कुटुंबाच्या ट्रेलरमध्ये झुंबर होतं, खरंखुरं काचेचं झुंबर, वाळवंटात! आणि आपण घरून काय आणलं होतं, तर दोन चटया आणि चकल्यांचा डबा.

गाडी थांबताच साठीचे एक गृहस्थ हात दाखवत आले. पांढरी दाढी, लुंगी, हातात टॉर्च. लख्ख उन्हात टॉर्च.

"अस्सलाम आलेकुम! मराठी? नंबर प्लेटच्या वर गणपती दिसला म्हणून विचारलं. मी हमीद, गुहागरचा. अबुधाबीला मुसफ्फ्यात फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपला पस्तीस वर्सं काढली. तो हिरवा ट्रेलर माझा, सोताच्या हातांनी बनवलाय. ही माझी बेगम, जुबैदा."

जुबैदाभाभींनी माझा हात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "संडासची टाकी कोण खाली करणार, तू का तो?" मी हबकले. तोपर्यंत मला हेही माहीत नव्हतं की या डब्यातला संडास सुटकेससारखा बाहेर ओढून, चाकांवरून नेऊन, ठरलेल्या जागी आपणच रिकामा करायचा असतो. सहलीला निघणाऱ्या सर्व भगिनींनी हा मुद्दा घर सोडण्याआधी मिटवून घ्यावा.

तिथली एक रीत आहे. नवीन ट्रेलर आला की शेजारी येऊन जोडणी तपासतात, चाकांना ठोकळे लावतात, मगच गाडी सोडवायची. निघतानाही तसंच. स्वतःची जोडणी स्वतः तपासून कुणी निघत नाही. शेजाऱ्याने बघायची आणि बॉनेटवर दोनदा थाप मारायची, मगच गाडी हलवायची. हमीदभाई टॉर्च घेऊन वाकले. लिंबू-मिरची बाजूला केली आणि तसेच वाकलेले राहिले.

"महेशभाऊ, पिन किदर है?"

"कसली पिन?"

"लॉकची. ह्या दांड्यात पिन असते ना, दांडा उघडू नये म्हणून. इथे तर दोरा हाय नुसता." त्यांनी दांड्याला बोट लावलं. तो दोन बोटं वर उचललेलाच होता. दोरा अर्धा तुटला होता. त्यांनी एका बोटाने दांडा पूर्ण उघडला. "बघा. अजून एक ब्रेकर आला असता तर खलास. खाली आधाराची साखळी हाय, पण एवढा वजन ती किती धरणार? मागे कोणाची गाडी असती, तर डबा तिच्यावरच गेला असता."

आमच्या मागे बराच वेळ सहलीला निघालेल्या मुलांची एक स्कूल बस होती. ती बाजूने पुढे गेली तेव्हा इराने तिचे फोटो काढले होते, खिडकीतून हात हलवणाऱ्या मुलांचे.

महेश गाडीकडे वळला. गाडीतून चेकलिस्ट आणली. अकरावं कलम, 'लॉक पिन', पुढे त्याचीच निळी टिक. तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे भोक आधीपासूनच रिकामं होतं, आणि मी न बघता टिक केली," तो म्हणाला. "मी. साइटवर एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. इरा माझ्याकडे बघत होती. मी नजर वळवली आणि ठोकळे आणायला गेले. ही गोष्ट लिहिताना मला अजून लाज वाटते.

उरलेला दिवस सुंदर होता, आणि मला त्यातलं काही धड दिसलं नाही. जुबैदाभाभींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण पाठवलं. झुंबरवाल्यांनी खजूर आणि चिमुकल्या कपात गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. इरा त्यांच्या मुलींबरोबर सायकल चालवत होती. डोंगर दुपारभर राखाडी होता, मग गुलाबी झाला. महेश खुर्चीत बसून होता. हमीदभाईंनी एक जुनी पिन आणून दिली, ती त्याने तळहातावर धरून ठेवली होती.

"हमीदभाई, कोणी गिऱ्हाईक असेल तर सांगा," तो म्हणाला. "विकून टाकतो. माझा माझ्यावरच भरवसा उरला नाही. आणि खरं सांगू, सोमवारी साइटवर कोणत्या तोंडाने जाऊ?"

"अरे, असं नको बोलू. होतंय माणसाकडून."

"माझ्याकडून नाही व्हायला पाहिजे."

इरा पाणी प्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "आई, आर यू गोइंग टू टेल हिम?" मी म्हटलं, सांगते. ती म्हणाली, "व्हेन?" या पोरीला इंग्रजी शाळेत घातल्याचा मला त्या वेळी मनापासून राग आला. तेवढा एकच शब्द, आणि त्याला पळवाट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमीदभाई एका माणसाला घेऊन आले. बिजू नावाचा मल्याळी, अल ऐनच्या एका इस्पितळात नर्स. बरेच दिवस ट्रेलर शोधत होता. त्याने कपाटं उघडली, गादी दाबून पाहिली, फुलाफुलांच्या पडद्यावर हात फिरवला. महेश त्याला एकेक गोष्ट दाखवत होता, नळ कसा हळू सोडायचा, खिडकीची कडी कुठे अडकते. ज्या डब्यासाठी त्याने दोन महिने डोकं खाल्लं, तो दुसऱ्याच्या हवाली करताना त्याचा आवाज अगदी ऑफिससारखा सपाट झाला होता.

"महेश, पिन मी काढली," मी म्हणाले.

सगळे थांबले. बिजूला मराठी येत नव्हतं, पण तोही थांबला.

"पूजेच्या वेळी. तू ऑफिसात सही करायला गेलास तेव्हा. दोरा बांधायला ते भोक सापडलं, म्हणून पिन काढून तबकात ठेवली. तुझी टिक खरी होती. तू बघूनच केली होतीस."

महेशने माझ्याकडे पाहिलं, मग इराकडे. तिने मान डोलावली.

"काल का नाही बोललीस?"

"धीर झाला नाही."

तो वळला आणि डोंगराच्या दिशेने चालू लागला. मी दारात उभी. मला वाटत होतं ओरडावं, भांडावं, काहीही करावं, पण असं निघून जाऊ नये. जुबैदाभाभींनी मला खुर्चीत बसवलं आणि न विचारता चहात तीन चमचे साखर घातली. हमीदभाईंनी बिजूला बाजूला नेऊन काहीतरी समजावलं.

महेश पाऊण तासाने परत आला. डोळे लाल होते. माझ्यासमोर उभा राहिला.

"तबक कुठाय?"

"घरी. देवघरात."

"म्हणजे पिन देवघरात आहे."

"हो."

"हळदकुंकू लावून?"

"हो."

हमीदभाईंनी दाढीवर हात ठेवला. "वहिनी," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "दोरा आरशाला बांधा, दाराला बांधा, माझ्या ट्रेलरला पण बांधा, मला चालेल. पण लॉकच्या भोकात नको, अल्लाच्या वास्ते." जुबैदाभाभी आधी हसल्या, मग इरा. महेश हसला नाही. पण तो बिजूकडे गेला आणि म्हणाला, "सॉरी भाई, बेचना कॅन्सल."

परतीच्या दिवशी हमीदभाईंनी टॉर्च मारून जोडणी तपासली, उसनी पिन ओढून पाहिली आणि बॉनेटवर दोनदा थाप मारली. दुबईपर्यंत मागे एखादी बस दिसली की दोघंही एकदम आरशात बघत होतो.

घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता तो देवघराकडे गेला. तबकात सुकलेल्या झेंडूशेजारी ती पिन पडली होती, बोटाएवढी, कुंकवाने लाल. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. एवढीशी वस्तू! मी पुसायला रुमाल घेतला तर महेश म्हणाला, "राहू दे."

त्यानंतर आमच्या तीन सहली झाल्या. पिन पिनच्या जागी असते, कुंकू अजून थोडं दिसतं. हमीदभाईंची उसनी पिन परत केली. लाल दोरा आरशाला आहे. चेकलिस्टवर चोविसावं कलम आलंय, 'पिन पुन्हा ओढून बघणे', आणि त्यावर टिक करायचा अधिकार फक्त माझा आहे. निघायच्या आधी शेवटी मी वाकते, पिन दोनदा ओढून बघते, पुढे येते आणि बॉनेटवर दोनदा थाप मारते.

तरीही महेश गाडी सोडत नाही. काच खाली करतो आणि दरवेळी विचारतो, "तबकात काही राहिलं नाही ना?"