फ्यूज मायच्या मुठीत

माही माय तानुबाई. दुसरबीडच्या शिवारात तिच्याइतकी हट्टी बाई दुसरी दाखवा, मिशी उतरवतो! विहिरीत माणूस उतरला की मोटरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून मुठीत धरायचे अन् तो वर आल्याशिवाय मूठ उघडायची नाई, हा तिचा कायदा. माहा बाप होता तवापासून.

औंदा मी बोलता स्पीकर आणला. मोटरच्या पेटीत त्याची डबी बसवली. घरात बसून "मोटर चालू कर" म्हटलं, की शेतातली मोटर चालू. लय मजा! पण चौथ्याच दिवशी टीव्हीवरच्या मालिकेत कोणी तरी "मोटर चालू कर" म्हणून वरडलं, अन् इकडं वांग्याचे वाफे बुडाले.

स्पीकर घेऊन देऊळगाव राजाले गेलो. मायही आली. दुकानदारानं माहा आवाज त्यात भरून दिला. म्हणे, "आजी, आता हे फक्त भागवतरावचंच ऐकन. टीव्ही कितीही बोंबलो."

"आवाज ओळखते, ठीक हाये," माय म्हणे. "पण लेक विहिरीत उतरला हाये, हे त्याले कोण सांगन?"

दुकानदार हसला. मीही हसलो. आता सांगायलेही लाज वाटते.

परवा मोटरची जाळी गाळानं भरली. मी उतरायले लागलो, तं माय फ्यूज काढायले निघाली. मी खेकसलोच, "काऊन येड्यावानी करतं वं माय? माह्या आवाजाशिवाय चालू होत नाई ते!"

"नसन होत," म्हणे. तिन्ही फ्यूज काढले अन् विहिरीच्या काठावर जाऊन बसली.

मी छातीभर पाण्यात, हात जाळीत. तेवढ्यात माही बायको काजल घराकडून पळत आली. "आत्याबाई, ते वर आले का?"

बियाण्याचं नाव ऐकायले तिनं घरात मोबाइलातले माहे बोललेले जुने निरोप लावले होते. स्पीकर नव्हता तवा मी तिले एकदा बोलून धाडलं होतं, "काजल, मोटर चालू कर." तेच वाजलं. आवाज माहाच. स्पीकर म्हणे, मोटर चालू केली.

मी झटक्यात जाळीतून हात काढले. आमची मोटर जुनी, पाण्यात करंट सोडते. मी तिथंच खपलो असतो.

अन् वरून माय हसली! उभी राह्यली, घराकडं तोंड केलं, मूठ उगारली अन् वरडली, "चालू केली म्हणतं? कर ना बे! पाहू दे तुह्यात किती दम हाये!"

मी वर आलो. काजल रडून राह्यली होती. मायनं मूठ उघडली, तं तळहातावर फ्यूजचे लाल वळ.

"दे माय, लावतो," मी म्हटलं.

तिनं मूठ परत मिटली. "आधी ते डबी काढ पेटीतून. मंग घे."