सदुसष्टच्या वर काय?

दुसऱ्या शाळेत पडताळणीला जायचं म्हटलं की आम्हा शिक्षिकांतल्या बऱ्याच जणी तोंड वाकडं करतात. मी मात्र आदल्या दिवसापासून खुशीत असते. नवी शाळा, नवी पोरं, आणि गणितात ती काय तारे तोडतील याचा नेम नाही! माझी मुलगी विचारते, "आई, तू कामाला चाललीयस की सहलीला?" मी म्हणते, दोन्हीला.

पडताळणीची रीत साधी आहे. तिसरीच्या मुलांना एक कागद सोडवायला द्यायचा आणि तो दुसऱ्या शाळेच्या बाईंनी तपासायचा, म्हणजे कुणी आपल्या पोरांना झुकतं माप देत नाही. ज्यांना जमलं नाही ती उजळणीच्या गटात जातात. बाकीचा वर्ग पुढचा धडा शिकत असताना हा गट मागच्या बाकांवर दुसरीची बेरीज-वजाबाकी पुन्हा गिरवत बसतो. हेतू चांगलाच असतो, पण तिथे गेलेलं मूल हळूहळू तिथलंच होऊन जातं. मला ते बघवत नाही, आणि मी ते सगळ्यांना तोंडावर सांगते, म्हणून मी फारशी कुणाची लाडकीही नाही.

यंदा मी गिरगावातून डिलाईल रोडच्या एका शाळेत गेले. विषय माझ्या आवडीचा होता, संख्यांचे आकृतिबंध. चार संख्या द्यायच्या, त्या कशा वाढत जातात ते मुलांनी ओळखायचं आणि पाचवी लिहायची. मला या प्रकाराचं भारी वेड आहे. मूल पाठ केलेलं ओकतंय की खरंच काहीतरी बघतंय, ते इथे लगेच कळतं.

शेवटचा प्रश्न होता सात, सत्तावीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट, आणि पुढे रिकामी चौकट. वीस-वीस मिळवत जायचं, उत्तर सत्याऐंशी. कागदामागून कागद मी बरोबरच्या खुणा करत सुटले. मग एक कागद असा आला की त्यात नेमकी तीच चौकट कोरी होती. बाकीचं सगळं काठावर होतं. या एका चौकटीवर ती मुलगी वर्गाबरोबर राहणार की मागच्या बाकावर जाणार, ते ठरणार होतं.

"ती ना?" वर्गाच्या बाई माझ्या खांद्यावरून बघत म्हणाल्या. "गेल्या वर्षीही उजळणीतच होती. घाला तिथेच, मॅडम. तोंडातून शब्द काढत नाही."

'घाला तिथेच' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पोर म्हणजे काय जुनी छत्री आहे? कोऱ्या जागेबद्दल मुलाला तोंडी विचारायची मुभा आम्हाला असते. मी तिला टेबलाशी बोलावलं. दोन घट्ट वेण्या, रिबिनी अगदी कडक, आणि नजर जमिनीवर.

"हे का नाही गं लिहिलंस?"

मी वाट बघत राहिले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मी मुद्दाम पाहिलं नाही.

"संपलं," ती शेवटी पुटपुटली.

"काय संपलं?"

"माळे."

मला काही उलगडेना. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, बहुतेक माझी दया आली असावी, आणि सात या आकड्यावर बोट ठेवलं. "ही तळमाळ्यावरची खोली. हे सत्तावीस, आमची. सत्तेचाळीसमधे माझी आत्या. सदुसष्टमधे ते काका कुत्रा पाळतात. त्याच्यावर गच्ची आहे, बाई. गच्चीला नंबर नसतो."

मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच! तिच्या चाळीत एकेका माळ्यावर वीस खोल्या, म्हणून डोक्यावरची खोली नेहमी वीसने मोठी. चाळ तळमाळा आणि वर तीन माळे. सत्याऐंशी नंबरची खोली तिथे नाहीच, तर पोरीने ती लिहायची कशी? मी राहते त्या फणसवाडीतल्या चाळीत खोल्यांच्या नंबरांना काही ताळतंत्रच नाही, एक नंबरच्या खोलीशेजारी अकरा येते. हा विचार माझ्या डोक्यात सात जन्मांत आला नसता.

"बघा!" मी बाईंना म्हटलं. "तिला सगळं कळलंय!"

"पण मॅडम, हे तर तिला शेजाऱ्यांचे नंबर पाठ आहेत," बाई म्हणाल्या. "यात गणित कुठे आलं?"

मला राग आला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. पत्ता माहीत असणं म्हणजे आकृतिबंध कळणं नव्हे. मी स्वतःच हा मुद्दा कितीतरी जणींना ऐकवला असेल. आता परीक्षा घेतल्याशिवाय सुटका नव्हती.

"बरं," मी तिच्याकडे वळले आणि सरळ थाप मारली. "माझ्या चाळीत एका माळ्यावर बाराच खोल्या. मी तळमाळ्यावर, पाच नंबरात. माझ्या डोक्यावर कोण?"

ती छताकडे बघायला लागली. बोटं ओठांशी हलत होती. वर्गातल्या पोरांनी माना उंचावल्या.

"सतरा."

"आणि त्याच्यावर?"

"एकोणतीस." मग ती थांबली. मला वाटलं, गेलं सगळं. पण तिने विचारलं, "बाई, तुमच्या चाळीला माळे किती?"

किती सुंदर प्रश्न! "तू चढवशील तितके," मी म्हटलं.

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, मी मस्करी करतेय का ते बघायला, आणि मग जी सुटली! एकेचाळीस. त्रेपन्न. पासष्ट. मागून एक मुलगा ओरडला, "अरे, टॉवर झाला!" सगळे हसले, पण हिचं लक्ष नव्हतं. सत्त्याहत्तर. एकोणनव्वद. आता आवाज चांगला खणखणीत झाला होता. एकशे एक म्हणताना ती स्वतःच दचकली.

"बाई, हे थांबणारच नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही गं."

ती हसली. मला रडू यायचं बाकी होतं, इतकी मी आनंदले होते. इतक्या वर्षांत मुलांना पुढची संख्या लिहायला शिकवली, पण ती संपत नाही याचा असा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. तिने न विचारता माझ्या हातातून आपला कागद ओढून घेतला, माझंच पेन उचललं आणि चौकटीत सत्याऐंशी लिहिलं. मग चौकटीच्या बाहेर एकशे सात. त्याच्यापुढे एकशे सत्तावीस. समास संपला तशी ती कडेने वर लिहीत निघाली.

वर्गाच्या बाईंनी उजळणीच्या मुलांची यादी काढली आणि तिच्या नावावर स्वतःच काट मारली. त्यांचाही चेहरा उजळला होता. त्या तिच्याजवळ वाकून म्हणाल्या, "ऐकलंस का? तू आता उजळणीत नाहीस. जा, पुढच्या बाकावर बस."

तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली.

"थांबा ना, बाई," ती मान वर न करता म्हणाली. "माझं अजून चाललंय."