राणी रंगाची साडी

"मादी बघ रे, मादी! नर नंतर." काकू दुर्बीण माझ्या हातात देत, आणि मी नीट बघायच्या आत काढूनही घेत. धीर हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. चहासुद्धा उभ्यानेच प्यायच्या.

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मंत्रालयात नोकरी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि साड्या मात्र एकीपेक्षा एक भडक. आमच्या मराठी मंडळात त्यावरून कुजबुज चाले.

"रंग खोटं बोलत नाही," काकू म्हणत. "तब्येत ठणठणीत असली की पिसं झळकतात. मादीचीसुद्धा! मग मी का विटकं नेसू?"

रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही शहराच्या टोकाला, द्वारकेला जायचो. तिथे नव्या सोसायट्या उठत होत्या आणि त्यांच्या मधोमध एक डबकं अजून शिल्लक होतं. त्यात रंगीत पाणलावे येत. या पक्ष्यांत मादी तांबूस गळ्याची, देखणी. नर मातकट, अंडी उबवत बसणारा.

"बिचारा!" मी एकदा म्हणालो.

"बिचारा कशाला? नशीब काढलंय त्याने!"

त्यांतली एक मादी इतरांपेक्षा गडद होती. डोळ्यामागचा तिचा पांढरा पट्टा मध्येच तुटलेला, त्यामुळे ती लगेच ओळखू यायची. डबकं बुजण्याआधी ती यंदा परत येते का, एवढंच काकूंना बघायचं होतं. कडेला मातीचे ट्रक रिकामे होत होते. दर रविवारी आम्ही हात हलवत परतायचो आणि काकू जिन्यातच पुढचा रविवार ठरवायच्या.

शेवटच्या खेपेला त्या राणी रंगाची साडी नेसून, लिपस्टिक लावून खाली आल्या.

"काकू, आज एकदम फिट!"

"बिल्कुल! चलो, चलो, किक मार."

त्या दिवशी गवतातून ती आली. तोच गळा, तोच तुटका पट्टा. काकू पहिल्यांदाच खाली बसल्या, ओल्या मातीवर, साडीसकट. दुर्बीण माझ्याकडेच राहिली. "आली रे," एवढंच म्हणाल्या. आनंदाने बसल्या असतील, असं मला वाटलं. मलाही फार आनंद झाला होता.

थोड्याच दिवसांत काकू गेल्या. दुखणं वर्षभराचं होतं, हे शेवटचे काही आठवडे पुण्याहून येऊन राहिलेल्या त्यांच्या बहिणीकडून कळलं. कपाट आवरताना राणी रंगाची ती साडी निघाली. काठाला माती तशीच होती.

"ही त्या रविवारी मीच नेसवली होती तिला," बहीण म्हणाली. "उभं राहवत नव्हतं. म्हणाली, चांगली भडक काढ, नाहीतर तो पोरगा मला नेणार नाही."