कमी मापाचं गाणं

तोळेसाहेबांना बायकोने घराबाहेर काढलंय आणि ते बिचारे खाली गाडीतच राहतात, ही बातमी आमच्या इमारतीत दोन आठवडे सुखाने नांदली. जन्मली ती तिसऱ्या मजल्यावर. तिला कडेवर घेऊन मी तळमजल्यापर्यंत आणलं, एवढंच माझं पाप. पुरावाही भरभक्कम होता. रोज संध्याकाळी पाच वाजता साहेब उशी, वही आणि मोजपट्टी घेऊन जिना उतरायचे, गाडीत बसून चारही काचा वर करायचे आणि डोळे मिटायचे. मध्येच उठून दारांवर टकटक करायचे, दाराला कान लावायचे. मग कुणीतरी म्हणालं, दारात काहीतरी दडवलंय. घराबाहेर काढलेल्या नवऱ्याकडे दडवण्यासारखं उरतं काय, हे विचारायचं भान कुणाला?

बातमी साफ खोटी होती. सात वाजले की साहेब वर जायचे, गरम गरम जेवायचे, आणि वहिनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढायच्यासुद्धा. उशी होती ती पाठीला लावायला, कारण मोजताना मान हलली की आकडा चुकतो. मोजपट्टी होती ती कानापासून स्पीकरचं अंतर घ्यायला. टकटक होती ती दारात स्पीकरला जागा किती ते अजमावायला. साहेब गाडीत गाणी ऐकायची यंत्रणा बसवणार होते, आणि त्याचा बेत आखत होते. नुसता दणदणाट नको. आवाज कसा, तर गाणारी समोर बसल्यासारखा.

तोळेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता पोस्टमनलाही आठवत नाही. एकतीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, खोटा निघाला की सील ठोकायचं. निवृत्त झाले ते कचेरीतून, संशयातून नाही. घरातल्या वजनकाट्यावर स्वतः उभे राहण्याआधी ते त्यावर खात्रीचं पाच किलोचं वजन ठेवून बघतात. शिंपी त्यांचं माप घेतो, तेव्हा ते शिंप्याच्या पट्टीचं माप घेतात. आमच्या लिफ्टमध्ये ‘सहा माणसं’ अशी पाटी आहे. साहेबांनी लेखी पत्र देऊन विचारलं होतं, कोणती सहा?

गाण्याचा नाद लागला तोही संशयातूनच. निवृत्तीच्या दिवशी एका सहकाऱ्याने त्यांना आपल्या गाडीतून घरी सोडलं. गाडीत एक जुनं गाणं लागलं होतं, साहेबांनी चाळीस वर्षांत हजारदा ऐकलेलं. दुसऱ्या ओळीआधी गाणारीने श्वास घेतला. साहेब ताठ बसले. “पुन्हा लाव.” पुन्हा तोच श्वास. घरी येऊन त्यांनी रेडिओ, टेप, मोबाइल, स्वतःच्या गाडीतला डबा, सगळ्यांवर तेच गाणं लावून पाहिलं. श्वास कुठेच नाही.

“म्हणजे चाळीस वर्षं मला माप कमी मिळालं,” ते वहिनींना म्हणाले. “आणखी काय काय मधल्यामधे गडप झालंय कोण जाणे!”

दुसरा एखादा गहिवरला असता. यांनी नवी वही उघडली.

मग साहेब दुकानं पालथी घालू लागले. पहिल्या दुकानात खोक्यावर ‘एक हजार वॅट’ असं ठसठशीत लिहिलं होतं. साहेबांनी यंत्र उलटं करून फ्यूज पाहिला. पंधरा अँपिअर.

“गाडीची बॅटरी बारा व्होल्टची. बारा गुणिले पंधरा, एकशे ऐंशी. उरलेले आठशे वीस वॅट तुम्ही घरून आणता काय?”

“काका, एवढं कोणी बघत नाही हो.”

हे वाक्य साहेबांनी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दुकानातला विक्रेता गोडबोल्या. आधी स्वस्तातला स्पीकर वाजवायचा, मग महागातला. आणि महागातला वाजवताना बोलता बोलता बटण केसभर पुढे सरकवायचा. कानाची खोडच अशी की जरा मोठं वाजलं की तेच सरस वाटतं. साहेबांनी त्याचं मनगट धरलं. “हा अंगठा मी ओळखतो. इतकी वर्षं तो पारड्यावर टेकलेला बघत आलोय.” तिसऱ्या आणि चौथ्या दुकानात काय झालं ते साहेब सांगत नाहीत, पण त्या रस्त्याने जाताना ते दुकानदार आता त्यांना बघून आत वळतात.

उरलं एकच दुकान, वहिनींच्या धाकट्या भावाचं. गाडीतल्या आवाजात तो इतका तयार की लोक लांबून गाड्या घेऊन यायचे. पण मेहुणा आणि दाजी नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. नऊ वर्षांपूर्वी मेहुण्याचं किराणा दुकान होतं. साहेब तपासणीला गेले, काटा किलोमागे वीस ग्रॅम खाताना सापडला, आणि गिऱ्हाइकांच्या देखत साहेबांनी त्याला सील ठोकलं. वर्षभरात ते दुकान बसलं. मेहुणा वायरी जोडायला शिकला, आणि त्या दिवसापासून दाजींच्या घराची पायरी चढला नाही.

यात भरडल्या गेल्या वहिनी. भाऊ त्यांना गाडीने सोडायला यायचा तो कोपऱ्यापर्यंत. तिथूनच गाडी वळवायचा. एकदा हातातली पिशवी खाली ठेवत त्या मला म्हणाल्या, “कोपऱ्यापासून दारापर्यंत बत्तीस पावलं आहेत. मोजलीत मी. माझा सख्खा भाऊ माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन घास खातोय, एवढं एकदा बघायचंय. बाकी काही मागणं नाही.” मी ती पिशवी उचलून त्यांच्याबरोबर वर गेले.

त्यामुळे साहेबांनी “आता तुझ्या भावाचंच दुकान उरलं” असं पुटपुटताच वहिनी ‘जा’ म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “मुळीच जाऊ नका. तो तुम्हाला हातोहात फसवेल.”

झालं! साहेबांचे डोळे चमकले. चोर सापडण्याची आशा असली की ते जेवण सोडून उठतात. वहिनींनी गळ टाकलाय हे मला कळलं, पण मासा इतक्या आनंदाने गिळत होता की सांगायचं जिवावर आलं.

दुकानात आम्ही तिघं गेलो. मी पंच म्हणून. वहिनी समोरच्या पक्षाच्या बहीण म्हणून बाद. मी तटस्थ, म्हणजे मला दोन्हीकडून बोलणी बसणार.

“या दाजी,” मेहुणा म्हणाला.

“मी गिऱ्हाईक म्हणून आलोय.”

“बरं. या, गिऱ्हाईक.”

पडद्यामागे त्याने गाडीची दोन सुटी दारं लाकडी चौकटीत उभी केली होती. साहेबांच्याच गाडीच्या जातीची, भंगारातून आणलेली, प्रत्येकात एकेक स्पीकर. “आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करू,” तो म्हणाला. “नाहीतर मोठा वाजेल तोच जिंकेल.”

साहेब खट्टू झाले. हेच वाक्य ते घरून पाठ करून आले होते. तरी त्यांनी पिशवीतून आवाज मोजायचं स्वतःचं यंत्र काढलं, मेहुण्याच्या यंत्राशी ताडून पाहिलं, दोन्ही बटणांना दोरा गुंडाळला आणि मेणबत्तीचं मेण ओतून वर अंगठा उमटवला. ते सील बघताना मेहुण्याचा चेहरा क्षणभर उतरला. मी पाहिलं, वहिनींनीही पाहिलं.

मग मेहुण्याला त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बाहेर उभं केलं गेलं. माझ्या हातात दहा घडीच्या चिठ्ठ्या आल्या, साहेबांनी स्वतः ढवळलेल्या. प्रत्येक फेरीत कोणतं दार आधी वाजवायचं ते चिठ्ठी सांगणार. माझ्या मर्जीवरही त्यांचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मी दहा वेळा गाणं लावलं. दहाही वेळा साहेबांनी एकाच दाराला कौल दिला. शेवटी त्यांनी चष्मा काढला. “श्वास आहे,” ते हलकेच म्हणाले. लगेच भानावर येऊन ओरडले, “बोलवा त्याला! हा महागातला असणार. कोणता परदेशी माल घुसवलाय?”

मेहुण्याने पडदा सारला. “दोन्ही एकच आहेत दाजी. तुमच्या गाडीत कारखान्यातून बसून येतात तेच. फरक दाराचा. हे दार नुसता पत्रा आहे. गाणारीबरोबर तेही थरथरतं, आणि श्वास त्यात बुडतो. त्या दाराला आतून जाड चिकट चादर लावलीय, म्हणून ते गप्प बसतं. तुम्हाला नवं काही घ्यायला नको. फक्त दारं गप्प करा.”

“शेजारणींना लावता येते का हो ही चादर?” वहिनींनी मला कोपर मारत विचारलं.

साहेबांनी दोन्ही स्पीकर स्वतः खोलले, खिशातला छोटा काटा काढून वजन केलं. सारखं भरलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा सारखं.

फसवले गेले असते तर साहेब समाधानाने घरी परतले असते. फसवलं नाही, म्हणून त्यांच्या जिवाला घोर लागला. तीन दिवस गॅलरीत येरझारा. “दुकानदार असून घेऊ नका म्हणतो? कुठेतरी पाणी मुरतंय.” पुढच्या फेरीला, “चादर कमी लावेल. दाराच्या आत कोण बघतंय?” चौथ्या दिवशी फर्मान निघालं: काम दुकानात होणार नाही, इथे, खाली, डोळ्यांसमोर होईल.

“तो इथे यायचा नाही,” वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या.

“न यायला काय झालं? आला तर काम, नाहीतर नाही!”

वहिनींनी मान खाली घातली. कणीक त्या दिवशी फारच मऊ झाली असणार.

रविवारी सकाळी मेहुण्याने सवयीने गाडी कोपऱ्यावरच लावली आणि चादरींची गुंडाळी खांद्यावर टाकून चालत आला. वहिनी पहिल्या मजल्याच्या खिडकीत एकच ताट अर्धा तास पुसत होत्या. मी जिन्यात बसून निवडलेली भाजी पुन्हा निवडत होते. गाडीच्या दाराचं आतलं आवरण काढून पत्रा उघडा केला. साहेब प्रत्येक तुकडा मोजून देत होते, मेहुणा तो पत्र्यावर चिकटवून वरून रोलर फिरवत होता. पहिलं दार झालं.

दुसऱ्या दाराला साहेब वर न बघता म्हणाले, “तो काटा. तुला माहीत होतं?”

रोलर थांबला. “माहीत होतं. मीच केला होता.”

“हं.”

“पण वीस नव्हता दाजी. पंचवीस होता.”

साहेब मोजपट्टी गुंडाळत राहिले.

“वीसला नुसतं सील लागतं, पंचवीसला खटला. तुम्ही वीस लिहिलंत. सील मी सोसलं असतं हो. पण ते पाच ग्रॅम! उभ्या आयुष्यात तुम्ही कुणाला सोडले नाहीत, ते मला सोडलेत. मग तुमच्या घरी कोणत्या तोंडाने येऊ?”

“आणि मी नऊ वर्षं धास्ती घेऊन बसलोय,” साहेबांचा आवाज चिरकला, “की तू येशील आणि चारचौघांत तो आकडा माझ्या तोंडावर फेकशील. एकच आकडा खोटा लिहिला रे मी. एकच.”

“मी कुणाला बोललो नाही.”

“मला काय माहीत?”

“ताईलासुद्धा नाही.”

“आता कळलं ताईला,” वरून आवाज आला. वहिनी कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकल्या होत्या. “पोहे नाहीत, गोडधोड नाही, जे असेल ते खावं लागेल. दोघं वर या.”

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. साहेब दाराच्या कडेला सुटलेलं चादरीचं टोक अंगठ्याने दाबत होते, गरजेपेक्षा बराच वेळ. “साबण जिन्याखाली आहे,” ते म्हणाले. “असे काळे हात घेऊन तिच्या स्वयंपाकघरात शिरू नकोस. ओरडते ती.”

मेहुणा माझ्या शेजारून दोन दोन पायऱ्या चढत वर गेला, मागोमाग साहेब. वहिनींच्या घरातून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता आणि बोलण्याचा अजिबात नाही. मग एकदम सगळे एकाच वेळी बोलायला लागले, त्यामुळे मला धड एक वाक्य कळलं नाही. पाच ग्रॅमची गोष्ट मी इमारतीत कुणालाही सांगितलेली नाही. इथे लिहितेय, ते वेगळं.

दुपारी उरलेली दोन दारं झाली. साहेब काचा वर करून एकटेच गाण्याला बसले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. विचारलं तर म्हणाले, चादरीच्या वासाने. मेहुणा हत्यारं गोळा करत होता, आणि साहेब पुन्हा खाली बसून उरलेल्या चादरीचे तुकडे मोजपट्टी लावून वहीत मांडायला लागले. वीतभर चादर कमी भरली. मेहुण्याने स्पीकरच्या कड्याखाली लावलेला तुकडा दाखवला. साहेबांनी तोही मोजला आणि लिहिला.

मला राहवेना. “अहो साहेब, आता तरी मेहुण्यावर विश्वास बसला ना? मग हे तुकडे कशाला मोजताय?”

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, “ज्याच्याकडे पुन्हा जायचं असतं, त्याचंच मोजून घेतात. तुमच्या बातम्या मी कधी मोजल्यात का?”